‘द विडोमेकर’ : धमनीचा फोटो काढला, पुढे काय?

हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणारी एक रक्तवाहिनी आहे. डॉक्टर तिला एलएडी म्हणतात. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या मोठ्या भागाला तीच रक्त पुरवते. त्यामुळे ती वरच्या टोकाशी एकाएकी बंद पडली तर माणूस हाताला लागणं कठीण. या जागच्या अडथळ्याला अमेरिकेत एक टोपणनाव पडलं : ‘विडोमेकर’. विधवा करणारी. मराठीत रक्तवाहिनी स्त्रीलिंगी असल्याने तर गंमतच होते, मरतो नवरा, रडते बायको आणि मारणारीही बाईच.

याच नावाचा माहितीपट २०१५ साली आला. दिग्दर्शक पॅट्रिक फोर्ब्स, निवेदन गिलियन अँडरसनचं (हो, ‘एक्स-फाइल्स’वाली). विषय असा : ज्याला काहीही होत नाही, जो जिने चढतो, क्रिकेट खेळतो, त्याच्या धमन्यांमध्ये गुपचूप वाढणारा आजार आधीच शोधता येतो का, आणि येत असेल तर आपण तो का शोधत नाही? मी हा माहितीपट तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा पाहून मी भारावले होते, दुसऱ्यांदा वहीत टिपणं काढली आणि तिसऱ्यांदा चिडले. तिन्ही वेळी तो बघणेबल होता, हे आधीच मान्य करते. या विषयावर इतकी पकड घेणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

गोष्ट दोन यंत्रांची आहे. पहिलं यंत्र म्हणजे स्टेंट. ज्युलिओ पाल्माझ हा अर्जेंटिनातून अमेरिकेत आलेला डॉक्टर. १९७८ मध्ये त्याने आंद्रेआस ग्रुएंट्झिगचं भाषण ऐकलं. आदल्याच वर्षी ग्रुएंट्झिगने झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून तिथली पहिली अँजिओप्लास्टी केली होती. फुगा काढला की धमनी पुन्हा आक्रसते ही अडचण होती, आणि ती आतून तोलून धरणारं काहीतरी हवं हे पाल्माझच्या डोक्यात बसलं. घराच्या गॅरेजमध्ये त्याला गिलाव्याखाली लावतात तसल्या पत्र्याच्या जाळीचा तुकडा सापडला, आणि त्यावरून त्याला पसरणाऱ्या नळीची कल्पना सुचली. पैसे लावले कोणी, तर फिल रोमानो नावाच्या रेस्टॉरंटवाल्याने. अडीच लाख डॉलर! पुढे जॉन्सन अँड जॉन्सनने ती वस्तू घेतली, १९९४ मध्ये तिला हृदयाच्या धमन्यांसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि बाकीचा इतिहास आपल्या प्रत्येकाच्या काका-मामांच्या छातीत आहे.

दुसरं यंत्र त्याच दशकातलं. डग्लस बॉइड या भौतिकशास्त्रज्ञाने इतका वेगवान सीटी स्कॅनर बनवला की धडधडणाऱ्या हृदयाचंही चित्र हललं नाही. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर बसला की कालांतराने तिथे कॅल्शियम साठतं, आणि कॅल्शियम स्कॅनमध्ये हाडासारखं पांढरं दिसतं. आर्थर अगॅट्स्टन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९० मध्ये ते पांढरेपण मोजायची रीत प्रसिद्ध केली. हाच तो कॅल्शियम स्कोअर. शून्य आला तर दिसण्याजोगं कॅल्शियम नाही. शंभराच्या वर गेला तर आजार नक्की आहे. चारशेच्या पुढे गेला तर तो बराच आहे. सुई नाही, डाय नाही, पाचदहा मिनिटांचं काम. (याच अगॅट्स्टननी पुढे ‘साउथ बीच डाएट’ लिहून जगभर नाव कमावलं. धमन्यांपेक्षा पोट जास्त खपतं.)

माहितीपटाचं म्हणणं असं की पहिल्या यंत्राभोवती पैशाचा पूर आला आणि दुसऱ्याला वैद्यकाच्या बड्या धेंडांनी हसून वाटेला लावलं, कारण आजार आधीच सापडला तर स्टेंट कोणाला घालणार? त्यामुळे जी माणसं वाचली असती ती मेली. मग एकेक बायका कॅमेऱ्यासमोर येऊन नवऱ्याबद्दल बोलतात. चांगला धडधाकट होता. आदल्या दिवशीपर्यंत ठीक होता.

इथे आपण हरतो. अशा बाईसमोर आकडेवारी काढणारा माणूस खलनायकच दिसणार. स्टीव्हन निसेन हे क्लीव्हलँड क्लिनिकचे नामवंत हृदयतज्ज्ञ पडद्यावर कॅल्शियम स्कॅनच्या विरोधात बोलतात, तेव्हा त्यांना आधी आणि नंतर कोणत्या शॉट्समध्ये चिणलंय ते पाहा. आपण त्यांचं ऐकतच नाही, त्यांच्याकडे संशयाने बघतो. एडिटिंगच्या टेबलावर युक्तिवाद जिंकायची ही जुनी रीत आहे, आणि फोर्ब्स त्यात वाकबगार आहेत.

आता माहितीपटाची बरोबर असलेली बाजू, कारण ती लहान नाही.

आपल्याकडे हृदयविकाराचं चित्र नळाचं आहे. नळात गाळ साचतो, सत्तर टक्के, ऐंशी टक्के, नव्वद टक्के ब्लॉकेज, मग बंद. प्लंबर बोलवा, नळ मोकळा करा. हे चित्र इतकं सोपं आहे की डॉक्टरही तेच काढून दाखवतात, केसपेपरच्या मागे, बॉलपेनने. प्रत्यक्षात आजार भिंतीतला आहे. थर भिंतीच्या आत वाढतो, त्यावर एक पापुद्रा असतो, तो फाटला की त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि मिनिटांत वाट बंद. जो थर फाटतो तो आधी वाट अडवत असेलच असं नाही. म्हणून तर सकाळी स्ट्रेस टेस्ट पास झालेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत कोसळतो. स्टेंट एका जागची भिंत तोलतो. आजार सगळ्या भिंतींत असतो.

हे पुढे मोठ्या चाचण्यांत दिसलं. २००७ मध्ये ‘करेज’ नावाची चाचणी आली. आजार स्थिर असलेले २,२८७ रुग्ण. निम्म्यांना चांगली औषधं आणि स्टेंट, निम्म्यांना नुसती चांगली औषधं. मृत्यू आणि हार्ट अटॅक दोन्हीकडे जवळजवळ सारखे. छातीतलं दुखणं स्टेंटने कमी झालं, आयुष्य वाढलं नाही. नंतर पाच हजारांहून जास्त रुग्णांची ‘इस्किमिया’ चाचणी झाली, तिचाही सूर तोच. ऐन अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो, त्याबद्दल वाद नाही, आणि माहितीपटही तो घालत नाही. वाद आहे तो ठणठणीत माणसाच्या धमनीत ‘खबरदारी म्हणून’ घातलेल्या स्टेंटचा. इथे फोर्ब्स कंपन्यांचे आणि कॅथ लॅबचे वाभाडे काढतात ते योग्यच आहे.

मग मी चिडले कशावर?

माहितीपट दोन यंत्रांना शत्रू म्हणून उभं करतो. एक लुटारू, एक तारणहार. पण लक्षणं नसलेल्या माणसाची तपासणी हाच स्टेंटकडे जाणारा रस्ता असतो. ज्याला काही होत नाही तो माणूस कॅथ लॅबच्या दारात एरवी जाईलच कशाला? त्याला तिथे नेतो तो रिपोर्ट. जॉर्ज बुश धाकटे यांचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१३ मध्ये ते डॅलसला वार्षिक तपासणीला गेले. तक्रार काही नव्हती, सायकल चालवणारा माणूस. तपासणीत काहीतरी दिसलं, पुढची तपासणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी स्टेंट. अमेरिकेतल्या कितीतरी हृदयतज्ज्ञांनी तेव्हा उघड विचारलं होतं, मुळात ती टेस्ट केली कशासाठी? फोर्ब्सच्या जगात तपासणी आणि स्टेंट एकमेकांचे वैरी आहेत. आपल्या जगात त्यांची सोयरीक झालेली आहे आणि हुंडाही ठरलेला आहे.

दुसरं उदाहरण माहितीपटाच्या मांडणीला अडचणीचं. टिम रसर्ट, अमेरिकेतले बडे टीव्ही पत्रकार. जून २००८ मध्ये ऑफिसात कोसळले, वय ५८. त्यांचा कॅल्शियम स्कॅन दहा वर्षं आधीच, १९९८ मध्ये, झाला होता. स्कोअर होता २१०. म्हणजे आजार आहे हे कळलेलं होतं, औषधं चालू होती, एप्रिलमध्ये स्ट्रेस टेस्टही ठीक आली होती. एलएडीमधला थर फाटला आणि माणूस गेला. यावरून स्कॅन निरुपयोगी ठरत नाही, एका माणसावरून काहीच ठरत नाही. पण मग न स्कॅन केलेल्या एका नवऱ्यावरूनही काही ठरू नये ना. ‘स्कॅन केला असता तर वाचला असता’ हे वाक्य माहितीपटाच्या प्रत्येक मुलाखतीखाली तबल्यासारखं वाजत राहतं, आणि ते कधीही तपासून पाहिलं जात नाही.

कारण धोका ओळखणं आणि धोका टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅल्शियम स्कोअर धोका ओळखतो, याबद्दल आता फारसा कोणाला संशय नाही. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या ‘मेसा’ या अभ्यासात ६,८१४ माणसांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. स्कोअर जितका जास्त तितके अटॅक जास्त, गोरे असोत, काळे असोत, लॅटिन असोत की चिनी. पण ओळखून पुढे मरण टळतं का? हे पाहायचं तर चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करावे लागतात, एकाला बोलवायचं, दुसऱ्याला नाही, आणि वाट बघायची. माहितीपट आला तेव्हा असं मोठं उत्तर हातात नव्हतं, ही फोर्ब्सना सूट. पण उत्तर नाही हे सांगायला काय हरकत होती?

उत्तर २०२२ मध्ये डेन्मार्कहून आलं. ६५ ते ७४ वयाचे ४६ हजारांहून अधिक पुरुष. एका गटाला तपासणीचं बोलावणं : हृदयाचा सीटी, महाधमनीची फुगवटी आहे का ते पाहणं, पायातल्या रक्तदाबाचं मोजमाप, हृदयाचे ठोके, साखर, कोलेस्टेरॉल, सगळं. दुसऱ्या गटाला काहीच नाही. साधारण साडेपाच वर्षांनी बोलावलेल्यांपैकी १२.६ टक्के वारले होते, न बोलावलेल्यांपैकी १३.१ टक्के. फरक आहे, पण संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या जरा अलीकडे अडखळलेला. सत्तरीच्या आतल्यांना अधिक फायदा झाल्यासारखं दिसलं, पण असे तुकडे पाडून काढलेले निष्कर्ष जपूनच घ्यायचे असतात. म्हणजे ‘लाखो जीव वाचले असते’ हेही खरं ठरलं नाही आणि ‘हा सगळा थोतांडाचा धंदा’ हेही. असल्या उत्तरावर नव्वद मिनिटांचा माहितीपट निघत नाही, हे मला कळतं.

या सगळ्या प्रकाराचं जुनं शहाणपण १९६८ सालचं आहे. विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक पुस्तिका लिहिली, ठणठणीत लोकांची तपासणी कधी करावी याचे दहा निकष. त्यांतला माझा आवडता साधा आहे : सापडलेल्यांना द्यायला मान्य उपचार हवा. आणखी एक : कोणावर उपचार करायचे हे आधी ठरलेलं हवं. धमन्यांच्या बाबतीत या निकषांना उतरलेली एक तपासणी आहे, आणि तिच्यावर कोणी माहितीपट काढल्याचं मला माहीत नाही. पोटातल्या महाधमनीची फुगवटी. इंग्लंडमध्ये पुरुष पासष्टीचा झाला की त्याला सरकारी पत्र येतं, पोटाची एकदाच सोनोग्राफी होते, नाही सापडली तर विषय संपला. २००२ मध्ये ६७ हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत या तपासणीने फुगवटी फुटून होणारे मृत्यू कमी होतात हे दिसलं होतं. याउलट मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी, जी आपल्याकडच्या महागड्या पॅकेजांत असते, ती लक्षणं नसलेल्यांची करू नये असं अमेरिकेचा सरकारी तज्ज्ञगट स्पष्ट सांगतो. कॅल्शियम स्कोअरबद्दल त्याच गटाने २०१८ मध्ये म्हटलं, पुरावा अपुरा. तीन धमन्या, तीन उत्तरं. म्हणून ‘लपलेला आजार शोधावा का’ असा मोघम प्रश्न कोणी विचारला की मी विचारते, कुठल्या धमनीतला, कोणाच्या, आणि सापडला तर काय करणार?

पैसा कोणी लावला हेही बोलायला हवं, कारण माहितीपट स्वतः दर दहा मिनिटांनी दुसऱ्यांना हेच विचारतो. पैसा डेव्हिड बॉबेट या आयरिश उद्योजकाचा. त्याचा स्वतःचा स्कोअर नऊशेच्या वर आला होता, तोही बाकी सगळ्या तपासण्यांत पास झाल्यावर. घाबरला, औषधं-आहार सुरू केला, आणि जगाला सांगायचं ठरवलं. मला त्याच्या हेतूबद्दल शंका नाही, तो काही स्कॅनर विकत नाही. पण धर्मांतर झालेल्या माणसाने काढलेला चित्रपट आणि पत्रकाराने काढलेला चित्रपट यांत फरक पडतो. टेक्सासमध्ये २००९ साली एक कायदा झाला. ठरावीक वयाच्या आणि ठरावीक धोका असलेल्या लोकांच्या स्कॅनसाठी विमा कंपन्यांनी दर पाच वर्षांनी २०० डॉलरपर्यंत द्यायचे. तो आणणारा आमदार रेने ऑलिवेरा याची आधी बायपास झाली होती. इथेही तेच. ज्याला चटका बसला त्याने धोरण लिहिलं. समजू शकते. पण ज्यांना काही झालेलं नाही अशा लाखो लोकांसाठीचं धोरण चटका बसलेल्याने एकट्याने लिहू नये.

आता आपल्याकडे. ‘मेसा’मध्ये आपण नाही, दक्षिण आशियाई माणसांचा गटच नव्हता. ते बघून अमेरिकेतल्याच संशोधकांनी २०१० मध्ये ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू केला. (नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.) सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातले भारतीय, पाकिस्तानी आणि शेजारचे. म्हणजे आपल्या धमन्यांबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान फ्रीमाँटच्या इंजिनियरांकडून आलंय. चाकणच्या कारखान्यातल्या माणसाला ते किती लागू पडेल, हा वेगळा लेख होईल. आपल्याला हृदयविकार गोऱ्यांपेक्षा लवकर गाठतो हे मात्र डॉक्टरांना दशकानुदशकं दिसतंय. आणि हीच खरी भीती जाहिरातदारांच्या कामाला येते. २ सप्टेंबर २०२१ ला सिद्धार्थ शुक्ला गेला, चाळीस वर्षांचा. २९ ऑक्टोबरला पुनीत राजकुमार, सेहेचाळीस. पुनीतनंतर कर्नाटकातल्या हृदयाच्या दवाखान्यांत तरुणांच्या रांगा लागल्या. डिसेंबर २०२३ मध्ये शूटिंग संपवून घरी आलेला श्रेयस तळपदे कोसळला आणि सुदैवाने वाचला, तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर चोवीस तासांत तीन चेकअप पॅकेजांच्या लिंक आल्या. एकीत ‘कपल ऑफर’ होती.

माझ्या मामाने असंच पॅकेज घेतलं. चोपन्न वर्षांचा, नाशिकचा, रविवारी पांडवलेणी चढून वर पोहे खाणारा माणूस. कंपनीकडून सवलत होती म्हणून कॅल्शियम स्कोअरही करून घेतला, आला १८०. दोन दिवसांत हॉस्पिटलमधून एका मुलीचा फोन, “सर, तुमच्यासाठी अँजिओग्राफीचा स्लॉट ठेवू का?” डॉक्टरचा नाही, त्या मुलीचा. मामी इतकी घाबरली की तिने त्याला तिसऱ्या मजल्यावरून खाली दूध आणायलाही जाऊ दिलं नाही. मला फोन केला, “अगं, यांना जिना चढू द्यायचा का गं?” मामा तोवर रुग्ण झाला होता. काल जो डोंगर चढत होता तो आज सोफ्यावर हात छातीवर ठेवून बसला होता, आणि त्याच्या धमनीत कालपासून आजपर्यंत काहीही बदललं नव्हतं.

शेवटी तो गल्लीतल्या जुन्या एमडी डॉक्टरांकडे गेला. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि बीपी मोजलं. १६० वर ९८. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजलं, तेवढंच. चार वर्षांपूर्वीच्या कागदावरही तसंच वाढलेलं लिहिलेलं होतं, कोणी बघितलं नव्हतं, मामाने तर नाहीच. बीपीची गोळी, स्टॅटिन, आणि गायछापची पुडी टेबलावर काढून ठेवायला लावली. अँजिओग्राफी? “छातीत दुखतं का? दम लागतो का? नाही ना? मग सध्या कशाला?” तंबाखू मात्र मामाने खरंच सोडली, वीस वर्षं सगळ्यांनी सांगून न सुटलेली. ती त्या १८० ने सोडवली. हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण माझ्या बाजूला ते गैरसोयीचं आहे. स्वतःच्या धमनीतले पांढरे ठिपके बघितल्यावर माणूस हलतो. दोन हजारांहून जास्त लोकांच्या एका अमेरिकन चाचणीतही हे दिसलंय, स्कॅन झालेल्यांचं बीपी, कोलेस्टेरॉल आणि कंबर चार वर्षांनी थोडी बरी होती. थोडी. पण बरी.

मामाच्या या गोष्टीत जे काही कामाचं घडलं ते बीपीच्या पट्ट्याने, स्वस्त गोळ्यांनी आणि पुडी टाकण्याने घडलं. माहितीपटात या तिघांना जागाच नाही. मला वाटतं हा त्याचा खरा दोष आहे आणि तो वैद्यकीय नाही, कथनाचा आहे. बीपीच्या पट्ट्याला गॅरेजमधला संशोधक नाही, रेस्टॉरंटवाला भागीदार नाही, कोर्टकचेरी नाही. तंबाखू सोडणाऱ्या माणसाचं फुटेज काय घेणार, तो नुसता बसलेला असतो आणि चिडचिड करत असतो. फोर्ब्सना नायक यंत्रच हवं होतं, म्हणून त्यांनी एका यंत्राविरुद्ध दुसरं यंत्र उभं केलं. प्रेक्षक बाहेर पडतो तो ‘मला कोणतं यंत्र हवं’ हा प्रश्न घेऊन.

आणखी एक विसंगती वर्षं गेल्यावर उघडी पडली. माहितीपट स्कॅन विकतो तो धोक्याची घंटा म्हणून. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी कोलेस्टेरॉलची नवी मार्गदर्शिका काढली, तेव्हा स्कोअरला मिळालेली जागा वेगळीच होती. सरसकट सगळ्यांना नाही. ज्यांचा धोका मधल्या पातळीवरचा आहे, गोळी सुरू करावी की नाही याबद्दल डॉक्टर आणि पेशंट दोघेही कुंपणावर आहेत, त्यांच्यासाठी. आणि शून्य आला, धूम्रपान नाही, मधुमेह नाही, घरात कमी वयात अटॅकचा इतिहास नाही, तर गोळी सध्या नको म्हणता येतं. म्हणजे ज्या यंत्राला फोर्ब्सनी भोंगा समजलं त्याचा मोठा उपयोग ‘जा, निवांत राहा’ म्हणण्याचा निघाला. कंपन्यांच्या विरोधात चित्रपट काढायचाच तर हा मुद्दा सोन्याचा होता, गोळ्या कमी करणारी तपासणी! तो त्यांच्या हातून निसटला, कारण निवांत राहिलेल्या माणसाची विधवा मुलाखतीला मिळत नाही.

तुम्ही पंचविशीत-तिशीत असाल आणि जिमच्या रीलनंतर असल्या पॅकेजची जाहिरात दिसत असेल तर एक गोष्ट माहितीपट तुम्हाला सांगणार नाही. कॅल्शियम साठायला वर्षं लागतात. तरुण धमनीतला थर मऊ असतो, तो या स्कॅनमध्ये दिसत नाही. तुमचा स्कोअर बहुधा शून्यच येईल, आणि त्या शून्याचा अर्थ पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या शून्याइतका भक्कम नसेल. सिगारेट ओढणाऱ्या तिशीतल्या मित्राने तो शून्य स्टेटसला ठेवलेला मी पाहिलाय. किरणोत्सर्ग फार नसतो, निसर्गात वर्षभरात मिळतो त्याहून कमीच, पण छातीच्या सीटीत फुप्फुसावरचे बारके डागही दिसतात, आणि मग त्या डागांमागे सहा-सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. बहुतेक डाग काही नसतात. ते ‘काही नाही’ कळेपर्यंतच्या रात्री कुठल्याच चाचणीत मोजल्या जात नाहीत.

बायकांचं राहिलंच, माहितीपटातही राहिलंच. त्या तिथे मुख्यतः मागे उरलेल्या म्हणून येतात. डेन्मार्कची ती चाचणी पुरुषांचीच होती, इंग्लंडचं पत्र पुरुषांनाच जातं. फुगवटी पुरुषांतच जास्त असते, तेव्हा पत्राचं कारण पटतं. पण हृदयविकाराने बायकाही मोठ्या संख्येने मरतात, आणि त्यांच्या धमन्यांत कॅल्शियम सरासरीने उशिरा दिसू लागतं. मामाच्या पॅकेजमध्ये मामीचं काही नव्हतं. मी तिला त्या एमडी डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, “मला काय धाड भरलीय?” डॉक्टरांनी पट्टा बांधला. १५४ वर ९६. ती मशीनकडे बघत म्हणाली, “जिना चढून आले ना, म्हणून असेल.” दहा मिनिटं बसवून त्यांनी पुन्हा मोजलं.